गळतं तिच्या डोक्यावर, घर मात्र त्याचं

मैत्रिणींनो, आपल्या शिबिरांतून आणि मेळाव्यांतून चुलीवर बोलणं झालं, पाण्यावर झालं, संडासावर झालं. रेशन, दारू, सातबारा, सगळं झालं. चुलीच्या धुरानं बाईचे डोळे आणि फुप्फुसं जातात हे सांगता सांगता कार्यकर्त्यांचे घसे बसले. पण तो धूर ज्या छपरातून बाहेर पडतो, त्या छपराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. छप्पर म्हणजे गडीमाणसांचं काम, त्यात बायांनी काय बोलायचं, अशी समजूत आहे. पुरुषांची ही समजूत असेल तर नवल नाही. पण बायांच्या संघटनांनीही ती मुकाट्यानं उचलावी, याला काय म्हणावं?

छप्पर गळतं तेव्हा ते कुणाच्या डोक्यावर गळतं ते आधी पाहू. पहिला मोठा पाऊस झाला की परात, पातेलं, बादली, तांब्या घेऊन घरभर फिरते ती बाई. कोणत्या वाशाखाली धार लागते, कुठे नुसतं ठिबकतं, वारा पश्चिमेकडून आला तर कोणती भिंत भिजते, हा गळतीचा सगळा नकाशा तिला पाठ असतो. रात्री उठून भांडी ओतायची तिनं. भिजलेली लाकडं फुंकायची तिनं. कणगीतल्या दाण्याला ओल लागली की वाळवायचं तिनं, पोराला खोकला झाला की दवाखान्यात न्यायचं तिनं, सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला की पुन्हा सारवायचं तिनं. घरधनी म्हणतो, "पाऊस उघडला की बघू." पाऊस उघडला की छप्पर गळायचं थांबतं आणि बघायचंही राहून जातं.

म्हणजे छपराच्या दुर्लक्षाची किंमत तिनं मोजायची. पण छपरावर पैसा कधी घालायचा, कौलं ठेवायची की पत्रा टाकायचा, कुणाला कामाला बोलवायचं, यातलं काहीही तिला विचारलं जात नाही. मोटरसायकलचा हप्ता आधी जातो. आणि वैतागून एखादी म्हणालीच की मीच चढून दोन कौलं सरकवते, तर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या धावून येतात. बाईमाणसानं घरावर चढायचं नसतं! साडी नेसून का कुणी छपरावर चढतं? लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतात तेही पाहूच. शहरात कुठेही स्लॅब भरायचं काम चालू असेल तिथे जा. डोक्यावर काँक्रीटचं घमेलं, पायांत रबरी चप्पल, बांबूच्या परातीवरून एकामागून एक चढणाऱ्या बाया दिसतील. चौथ्या मजल्यावर, सातव्या मजल्यावर. कठडा नाही, पट्टा नाही, जाळी नाही. साडी तिथेही साडीच असते. तिथे कुणाला संस्कृती आठवत नाही, कारण तिथे ती दुसऱ्याचं घर बांधत असते आणि पुरुषापेक्षा कमी मजुरीत बांधत असते. दुसऱ्याच्या सातव्या मजल्यावर चढलेली बाई चालते, स्वतःच्या घराच्या वळचणीला शिडी लावलेली बाई चालत नाही. म्हणजे अडचण उंचीची नाही आणि साडीचीही नाही. घराच्या डोक्यावर कोण उभं राहणार, हा खरा मुद्दा आहे.

कोकणात छपराची देखभाल म्हणजे शाकारणी. चैत्र-वैशाखात कौलं उतरवायची, झाडून घ्यायची, फुटकी काढून टाकायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचं, पुन्हा कौलं बसवायची, आढ्यावरचे कोने पक्के करायचे. नळीच्या कौलांना हे दरवर्षी करावं लागतं, मंगलोरी कौलांना जरा कमी. घरचा पुरुष मुंबईला. मे महिन्यात रजा मिळाली तर तो येणार, नाही तर पैसे पाठवणार, आणि पैसे आले तरी शाकारणारे मिळत नाहीत, कारण ते काम शिकलेली म्हातारी माणसं संपत आली आणि तरुण पोरं शहरात गेली. मग हा चाकरमानी वर्षभर कंपनीत किंवा लोकलमध्ये काढून गावी येतो आणि चार दिवसांच्या रजेत, सराव नसताना, दोर न बांधता कौलांवर चढतो. घसरला तर वर्षभर अंथरुणात. त्याची सेवा कुणी करायची ते सांगायला नको.

खाली कौलं झेलणारी, फुटकी निवडणारी, वर चढवून देणारी, सगळ्यांचा स्वयंपाक करणारी बाईच असते. तरीही "घर शाकारलं कुणी?" तर अमक्यानं. शिवाय वानरांचा त्रास. एक टोळी येऊन गेली की पन्नास कौलं फुटतात. त्याला कंटाळून गावंच्या गावं कौलं उतरवून पत्रे घालू लागली. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात दुपारी भाकरी भाजून पाहावी म्हणजे या निर्णयात बाईला का विचारलं नाही ते कळतं.

मराठवाड्याची गोष्ट याहून कडू आहे. तिथलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. पावसाळ्याआधी माळवदावरचं गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या आणि गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा आणखी एक थर द्यायचा. माती खणून डोक्यावरून आणायला बाया होत्याच. ही देखभाल पिढ्यान्पिढ्या चालली. जुना थर काढून नवा घालायचा असतो हे फार थोड्या घरांत पाळलं गेलं. थरावर थर चढत गेला, कुठे फूटभर, कुठे दोन फुटांहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या दगडी भिंती आणि ती मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप निसर्गाचा होता. पण घराच्या डोक्यावर किती वजन चढलं आहे हे कुणीच मोजलं नव्हतं, आणि गळतीवर माती हाच एक उपाय बायांना ठाऊक होता, कारण दुसरा कुणी शिकवलाच नव्हता.

त्यानंतर जे झालं ते मात्र आपण विसरता कामा नये. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जी घरं पूर्ण पडली नव्हती त्यांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम शासनानं घेतला. दीड लाखाहून जास्त घरं त्यात आली. गावागावांतल्या महिला मंडळांना त्यात उतरवण्याचं काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं केलं आणि गावातल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. या बाया इंजिनियरांशी बोलल्या. माळवदावरची माती किती कमी करायची, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपा आधार का द्यायचा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड का बसवायचे, हे शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. सिमेंट कमी घातलं तर मिस्त्रीला विचारू लागल्या. ज्यांना आधी कुणी उंबऱ्याबाहेर विचारत नव्हतं त्या बाया छपराचं गणित बोलत होत्या. बायांना यातलं काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी लातूरला जाऊन यावं. दुःख एवढंच की हे शिकायला आठ हजार मरणांची वाट पाहावी लागली.

आता सिमेंटच्या पत्र्याकडे येऊ, कारण आज गरिबाच्या घरावर अनेक ठिकाणी तोच आहे. तो जाड दिसतो, म्हणून माणूस त्यावर बिनधास्त पाय ठेवतो. पण जुना झालेला, उन्हापावसानं शेवाळलेला सिमेंटचा पत्रा पापडासारखा मोडतो. आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतो आणि माणूस थेट खाली फरशीवर. उजेडासाठी मध्ये बसवलेला प्लॅस्टिकचा पत्रा तर त्याहून वाईट, कारण धूळ बसल्यावर तो ओळखूही येत नाही. कारखान्यांसाठीच्या नियमांनी हे फार पूर्वी ओळखलं. फुटण्याजोग्या छपरावर फळ्या किंवा छपरावर टाकायची शिडी दिल्याशिवाय कामगाराला चढवू नये, अशी तरतूद त्यांत झाली. कारखान्याच्या छपराला नियम आणि झोपडीच्या छपराला 'देव आहे', असा हा न्याय.

या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे तो पत्रा उघड विकला जातो. अखंड पत्रा छपरावर नुसता असला तर धोका कमी. पण तो कापला, भोक पाडलं, फोडला, कोरड्या खराट्यानं खरवडला की न दिसणारी धूळ उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणून कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. आता ही धूळ झाडते कोण? नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुते कोण? ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना, ज्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवत नव्हत्या त्यांना, तोच कर्करोग झाल्याचं परदेशांत कित्येक वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते कामगारांसाठी. फुटक्या पत्र्याचा चुरा सुपानं भरणाऱ्या बाईला कोणतं न्यायालय?

कायद्याचं बोलायचं तर १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा वाचा. दहा किंवा जास्त कामगार लावणाऱ्यालाच तो लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करवून घेणारा माणूस त्यातून वगळलेला होता. २०२० च्या कामगार संहितांनी ती दहा लाखांची मर्यादा पन्नास लाख केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या लागू झाल्या. म्हणजे तुमच्या आमच्या घराची कौलं परतणारा, पत्रे बदलणारा दोन-तीन जणांचा गट कायद्याच्या बाहेरच. तो पडला तर मालक कोण? घरवाला म्हणतो, मी ठेका दिला होता. ठेकेदार म्हणतो, तो माझा माणूसच नाही. मागे राहिलेल्या बाईनं कुणाच्या दारात जायचं? वर्षात नव्वद दिवस बांधकामाचं काम केलेल्याला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, पण शाकारणी करणाऱ्या किती जणांची नोंदणी आपल्या संघटनांनी करून घेतली आहे?

आणि मग नावाचा प्रश्न. छप्पर दुरुस्त करायला कर्ज हवं तर घराचा उतारा लागतो. उताऱ्यावर नाव नवऱ्याचं, सासऱ्याचं, नाही तर मेलेल्या आजेसासऱ्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा भागात घरांवरचे पत्रे आणि कौलं पाचोळ्यासारखी उडाली. वादळानंतर पंचनामे होतात, आणि थोड्या नुकसानीची मदत मिळायला घराचं निदान पंधरा टक्के नुकसान व्हावं लागतं, असा नियम आहे. पंधरा टक्के कुणी मोजायचे? आणि मदत जाते कुणाच्या खात्यात? पंचनाम्याच्या कागदावर ज्याचं नाव त्याच्या. दिराच्या नावावरच्या घरात राहणारी विधवा, नवऱ्यानं टाकलेली बाई, भावाच्या पडवीत राहणारी बहीण, यांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं तरी कागदावर त्यांचं काहीच उडालेलं नसतं.

विधवेला किंवा परित्यक्तेला घराबाहेर काढायचं असेल तर तिला मारहाण करावीच लागते असं नाही. छप्पर दुरुस्त करायचं नाकारलं की पुरे. दोन पावसाळ्यांत भिंत खचते आणि ती आपणहून माहेरी जाते. कुठे कुठे तर भाऊबंद सरळ येऊन कौलं, पत्रे उतरवून नेतात. याला आपण छळ म्हणायला शिकलं पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. तिच्या ताब्यात अडथळा आणू नये असा आदेश कलम १९ खाली मागता येतो, आणि तिच्या ताब्यातली वस्तू मोडली किंवा नेली तर कलम २० खाली भरपाई मागता येते. आपल्या सल्ला केंद्रांत अर्ज लिहिताना मारहाणीचा तपशील नीट येतो. उतरवलेल्या पत्र्यांचा, न केलेल्या शाकारणीचाही यायला हवा, फोटोसकट.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो आपल्यातूनच येणार. आता छपरावरही बाईनंच चढायचं का? घरकाम, शेती, मजुरी, बचत गटाचे हप्ते, त्यावर आणखी हे? आक्षेप खरा आहे. बाईवर फुकटचं आणखी एक काम लादायला हा लेख लिहिलेला नाही. प्रत्येकीनं चढावं असंही नाही. पण छपराबद्दल ठरवण्याचा हक्क प्रत्येकीचा आहे, आणि ठरवायचं तर त्यातलं कळलं पाहिजे. आणि ज्यांना चढायचं आहे त्यांना ते कसब रीतसर शिकवून त्याची पुरी मजुरी मिळाली पाहिजे. झारखंडमध्ये हजारो बाया गवंडीकाम शिकल्या, संडास बांधले, घरं बांधली. तिकडे त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात. आपल्याकडे महिला प्रशिक्षण म्हटलं की अजून शिलाई मशीन आणि पापड. कोकणात शाकारणाऱ्यांची टंचाई आहे, मागेल ती मजुरी मिळते, आणि गावातली एकही बाई ते काम शिकलेली नाही. हे कुणाच्या सोयीचं आहे?

कळलं पाहिजे म्हणजे काय, तेही सांगते. काम कोरड्या दिवसांत, वारा नसताना, सकाळी करायचं. पाऊस लागल्यावर ओल्या शेवाळावर कुणालाही चढू द्यायचं नाही, मग तो कितीही हट्ट करो. एकट्यानं चढायचं नाही, चढणाऱ्यानं प्यायलेलं असता कामा नये. हे दुसरं सांगायला फक्त बाईच उभी राहते, म्हणून ठासून सांगायचं. शिडी चार हात उंचीवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात लांब हवा, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर जायला हवं आणि ते बांधलेलं हवं. कौलांवर पाय ठेवायचा तो खाली वासा असेल तिथे. सिमेंटच्या पत्र्यावर तर नुसता पाय ठेवायचाच नाही. खालच्या दोन आधारांवर पोचेल अशी जाड फळी टाकायची, आधार कुठे आहेत ते बोल्टच्या ओळीवरून कळतं. कमरेला दोर बांधायचा तो पलीकडच्या पाख्यावरून नेऊन झाडाला नाही तर पक्क्या खांबाला. मेन स्विच बंद करायचा, पण तो बंद केला तरी खांबावरून घरात येणारी तार जिवंतच असते, तिच्याजवळ पत्रा किंवा लोखंडी शिडी न्यायची नाही. ॲस्बेस्टॉसचा पत्रा काढायचा तर पाणी मारून, न फोडता, अखंड उतरवायचा. चुरा कोरडा झाडायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड आणि टायर ठेवतात. त्या दगडांनी वादळात डोकी फुटतात. आकड्याचे बोल्ट आणि त्यांचे वायसर दर उन्हाळ्यात तपासून घट्ट केले तर दगड लागत नाहीत. कुणी पडलंच तर खांद्यावर टाकून उचलून न्यायचं नाही. आहे तिथेच, न हलवता ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा. पाठीचा कणा मोडलेला असेल तर ओढाताणीत माणूस कायमचा लुळा होतो.

यातली शिडी, दोर, चार जाड फळ्या एका घराला परवडत नाहीत. गावाला परवडतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्या पैशांत सतरंज्या आणि खुर्च्या येतात तशा शिड्या आणि दोरही येऊ शकतात, आणि ते पंचायतीत ठेवून गरज पडेल त्या घराला देता येतात. गावातल्या चार-पाच जणींच्या शाकारणी-प्रशिक्षणाची मजुरीही त्यातून देता येईल. नमुना ८ च्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावून घ्यायचं काम तर एका अर्जाचं आहे. घरकुल योजनेतली घरं बाईच्या किंवा दोघांच्या नावानं देण्याचा नियम आहे, पण तो नव्या घरांपुरता. जुनी घरं अजून त्याचीच आहेत. योजनांचा सगळा भर नव्या घरावर आहे, जुन्या छपराच्या डागडुजीला पैसा मागायचा तर तोही आपणच मागायला हवा.

१ मेची ग्रामसभा शाकारणीच्या ऐन दिवसांत येते आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा कायदा आहे. तिथे तीन ठराव मांडा. दहा टक्क्यांतून शिडी, दोर आणि फळ्या. एकट्या बायांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरांची पावसाआधी पाहणी आणि दुरुस्ती. आणि ज्या घरांवर बायकोचं नाव नाही त्यांची यादी, सभेत मोठ्यानं वाचून दाखवायची. सरपंच म्हणेल, हा विषय अजेंड्यावर नाही. अजेंडा निघायच्या आठ दिवस आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.